गाभडलेल्या गायीचा दोष

सांसर्गिक गर्भपात हा गाय, म्हैस, शेळी आणि मेंढी यांना होणारा जिवाणूजन्य रोग आहे. तो ब्रुसेला प्रजातीच्या जिवाणूंमुळे होतो, म्हणून त्याला ब्रुसेलोसिस म्हणतात. गाय बहुधा पाचव्या महिन्यानंतर, पुष्कळदा सातव्या-आठव्या महिन्यात गाभडते. वार अडकते, पुन्हा गाभण राहायला वेळ लागतो. पुढच्या वेतात मात्र तीच गाय बहुतेक वेळा पूर्ण दिवसांचे वासरू देते आणि निरोगी दिसू लागते. जिवाणू तिच्या कासेत आणि ग्रंथींमध्ये मुक्काम करून असतो. दुधातून आणि विण्याच्या वेळच्या स्रावातून तो बाहेर पडत राहतो. निरसे दूध पिणाऱ्याला, अडकलेली वार उघड्या हाताने ओढणाऱ्याला, मेलेला गर्भ उचलणाऱ्याला तो गाठतो. माणसाला मग आठवडेच्या आठवडे लाटांसारखा चढउतार करणारा ताप येतो, सांधे आणि कंबर धरते.

अहिल्यानगर जिल्ह्यातील पारनेर तालुक्यासारख्या अवर्षणाच्या पठारावर या रोगाला केवळ वैद्यकीय अर्थ उरत नाही. पावसाचा भरवसा नाही, म्हणून दावणीची संकरित गाय आणि चार शेळ्या हाच घराचा आधार. ढवळपुरीसारख्या गावांतले धनगर पावसाळा सरला की मेंढरे घेऊन कोकणाकडे उतरतात, वाटेत शेतकऱ्यांच्या रानात कळप बसवतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. काष्टी, घोडेगाव, बेल्हे येथल्या बाजारांत जनावर एका दाव्यावरून दुसऱ्या दाव्यावर जाते. अशा ठिकाणी गाय गाभडली की गोठ्यात दोन प्रश्न उभे राहतात. कशाने झाले, हा पहिला. कोणामुळे झाले, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर विज्ञानाने बऱ्याच अंशी दिले आहे. दुसरा प्रश्न धर्माचा आणि नीतीचा आहे. रोगजंतूची अक्षरन् अक्षर जनुकीय संहिता वाचता येऊ लागल्यापासून तो अधिक टोकदार झाला आहे.

जुन्या समाजाची याला दोन उत्तरे होती. लोकधर्माचे उत्तर कोपाचे होते. देवतेचा कोप झाला, कुळाचार चुकला, कोणाची नजर लागली. साथ आली की मरीआईचा गाडा सजवून शिवेबाहेर नेऊन ठेवायचा, ही महाराष्ट्रातील कित्येक गावांची रीत होती. शेजारच्या गावाने तो पुढच्या शिवेवर न्यायचा. या रीतीत भीती होती आणि एक खरे निरीक्षणही होते: रोग गावोगाव प्रवास करतो. मात्र आपली शीव ओलांडली की आपले उत्तरदायित्व संपले, असेही तीत गृहीत धरलेले होते.

दुसरे उत्तर शास्त्राचे होते. चरकसंहितेच्या विमानस्थानात जनपदोद्ध्वंसाचा अध्याय आहे. माणसांच्या प्रकृती, आहार, बळ, वय सारे वेगळे असताना एकाच वेळी एकाच रोगाने सारा प्रदेश कसा उद्ध्वस्त होतो, असा नेमका प्रश्न अग्निवेश तिथे विचारतो. आत्रेयांचे उत्तर असे की वायू, पाणी, भूमी आणि काळ या चार गोष्टी सर्वांना समाईक असतात. त्या बिघडल्या की सारे आजारी पडतात. त्या का बिघडतात? अधर्मामुळे; आणि अधर्माचे मूळ प्रज्ञापराधात. प्रज्ञापराध म्हणजे बुद्धीचा अपराध: हित कशात आहे हे नीट न धरता, किंवा कळत असूनही ते सोडून केलेले वर्तन. त्याच अध्यायात आयुष्य ठरलेले असते का, अशी चर्चा पुढे येते आणि दैव व पुरुषकार, म्हणजे माणसाचा प्रयत्न, या दोन्हींचा वाटा मान्य केला जातो. समाईक कारण, बुद्धीचा अपराध आणि प्रयत्नाला जागा या तिन्ही कल्पना पुढच्या विवेचनात पुन्हा लागतील. जंतू ठाऊक नसतानाही त्या काळाच्या विचारवंतांनी प्रश्न चुकीचा मांडला नव्हता.

जंतूचा शोध माल्टा बेटावर लागला. तेथील ब्रिटिश सैनिकांच्या तापाचा जिवाणू डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये वेगळा केला. तो शेळीच्या दुधातून येतो हे थेमिस्टोक्लीस झामित यांनी १९०५ मध्ये दाखवले. सैनिकांचे शेळीचे दूध बंद झाले आणि छावणीतला ताप झपाट्याने उतरला. डेन्मार्कमध्ये बर्नहार्ड बँग यांना १८९७ मध्ये गाभडलेल्या गायींत एक जिवाणू सापडला होता. हे दोन्ही सख्खे आहेत हे कोणाच्या ध्यानात आले नाही. १९१८ मध्ये अमेरिकेतील संशोधक अ‍ॅलिस इव्हान्स यांनी ते नाते मांडले, तेव्हा त्यांच्यावर विश्वास ठेवायला फारसे कोणी तयार नव्हते. पुढे त्यांना स्वतःलाच या रोगाची बाधा झाली आणि ती वर्षानुवर्षे छळत राहिली. भारतात जनावरांच्या रोगजंतूंचा संस्थात्मक अभ्यास पुण्यातच सुरू झाला. आल्फ्रेड लिंगार्ड यांच्या हाताखाली १८८९ मध्ये तिथे इंपिरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी उघडली आणि १८९३ मध्ये ती कुमाऊंच्या मुक्तेश्वरला हलवली गेली. आजची भारतीय पशुवैद्यक अनुसंधान संस्था याच रोपाची.

जनुकसंच वाचणे म्हणजे काय, हे पुण्याच्याच दुसऱ्या एका कामावरून चांगले समजते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली; विष्णु सीताराम सुकथनकरांनी तिची पद्धत घालून दिली आणि १९६६ मध्ये ती पूर्ण झाली. शेकडो हस्तलिखिते समोर ठेवायची, पाठभेद टिपायचे. नकलकाराने एका ठिकाणी केलेली चूक त्याच्या पोथीवरून नकललेल्या साऱ्या पोथ्यांत उतरते. म्हणून समान चुका असलेल्या पोथ्या एका कुळाच्या. जिवाणूचेही तसेच आहे. तो दुभंगतो तेव्हा आपल्या संहितेची नक्कल करतो आणि क्वचित एखादे अक्षर चुकते. प्रयोगशाळेत, कडक बंदोबस्तात, जिवाणू वाढवून त्याचे डीएनए काढतात, त्याचे तुकडे करतात, लाखो तुकडे यंत्रावर वाचतात आणि एकमेकांवर आलेल्या कडा जुळवून संगणक अखंड पाठ उभा करतो. दोन गोठ्यांतल्या जिवाणूंत दोन-चार अक्षरांचाच फरक निघाला तर ते अलीकडेच एकमेकांपासून फुटलेले. शेकडो अक्षरांचा निघाला तर त्यांचा संबंध जुना.

शेळ्या-मेंढ्यांना मुख्यतः बाधणाऱ्या ब्रुसेला मेलिटेन्सिसचा जनुकसंच २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. गायींच्या ब्रुसेला अबॉर्टसचा २००५ मध्ये आला. मेलिटेन्सिसची संहिता सुमारे ३३ लाख अक्षरांची आहे. ती दोन वर्तुळाकार गुणसूत्रांत वाटलेली असून तीत सुमारे ३,२०० जनुके आहेत. या वाचनातून निघालेली सर्वांत विचारप्रवर्तक गोष्ट ही की तिथे जे सापडायला हवे होते ते सापडले नाही. माणसांतील घटसर्पाच्या किंवा फाशीच्या जंतूंकडे असतात तशी ओळखीची विषे नाहीत, पेशीला चिकटण्याची नेहमीची आयुधे नाहीत. जे सापडले ते शेतकऱ्याच्या ओळखीचे निघाले. ब्रुसेलाचा जनुकसंच मुळांवर गाठी करणाऱ्या रायझोबियमच्या कुळाशी जवळचे नाते सांगतो. पारनेरच्या पठारावर मूग किंवा वाटाणा पेरताना बियाण्याला जे जिवाणू संवर्धक चोळतात, ते या रोगजंतूच्या भावकीतले आहे.

नाते केवळ नावापुरते नाही. लसूणघासाच्या मुळांवरील गाठीत राहणाऱ्या जिवाणूला रोपाच्या पेशीत टिकण्यासाठी बॅक-ए नावाचे जनुक लागते. ब्रुसेला अबॉर्टसला जनावराच्या पांढऱ्या पेशीत टिकून राहण्यासाठी त्याच जनुकाची गरज असते, हे २००० मध्ये दाखवले गेले. एकच कौशल्य: दुसऱ्याच्या पेशीत शिरून, मारले न जाता, दीर्घकाळ राहणे. रोपात ते हवेतल्या नत्राचे खत करून देते, गायीत ते गर्भ पाडते.

तत्त्वविचाराच्या दृष्टीने हा शोध मोठा आहे. रोग म्हणजे दुष्ट शक्तीचा हल्ला, ही कल्पना देवतेच्या कोपातून निघाली आणि जंतूचा शोध लागल्यावर सहजपणे जंतूवर येऊन बसली. आता जंतू हाच दुष्ट ठरला. संहिता वाचल्यावर तिथे दुष्टपणाचे अक्षर सापडत नाही. भगवद्गीतेचा अठरावा अध्याय कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगतो: अधिष्ठान, कर्ता, करण, नाना चेष्टा आणि दैव. याच जिल्ह्यातील नेवाशाला १२९० मध्ये सांगितल्या गेलेल्या ज्ञानेश्वरीने हा भाग मराठीत विस्ताराने उलगडला आहे. एकट्यालाच कर्ता मानणारी दृष्टी अपुरी आहे, हे त्या विचाराचे मर्म. रोगालाही ते लागू पडते. गायीच्या वारेत एरिथ्रिटॉल नावाची साखर असते आणि ब्रुसेला तिच्यावर जोमाने वाढतो, म्हणून तो गर्भाशयात गोळा होतो असे मानले जाते. म्हणजे रोग घडायला जिवाणू लागतो, त्याला मानवणारी वार लागते, गाभण काळ लागतो, शेजारची दावण लागते आणि बाजाराची वाटही लागते. यांतले एकच कारण पकडून त्यालाच गुन्हेगार म्हणणे ही विचारातली चूक आहे.

मग जंतू मारण्यात हिंसा आहे का? जीवमात्राविषयी सर्वाधिक सूक्ष्म विचार जैन परंपरेने केला आहे. डोळ्यांना न दिसणारे एकेंद्रिय जीव तिने सर्वत्र मानले. त्या परंपरेतील साधू तापवलेलेच पाणी घेतात. तापवताना जीव मरतात हे त्यांना मान्य असते. पण नंतर काही काळ त्या पाण्यात नवे जीव उपजत आणि मरत राहत नाहीत, म्हणून एकदाची थोडी हिंसा पुढची मोठी हिंसा टाळते. दूध तापवण्याला याहून बळकट समर्थन शोधण्याची गरज नाही. ७२ अंश सेल्सिअसवर १५ सेकंद, किंवा घरात एक उकळी, एवढ्याने ब्रुसेला मरतो. धारोष्ण दुधाचे कौतुक आणि पूजेला निरसेच दूध हवे हा आग्रह यांचा विचार याच कसोटीवर व्हायला हवा. तीर्थ म्हणून जे हातावर पडते ते पोटात जाणार असते. दूध तापवून निववले तर पूजेच्या भावात काही उणे येत नाही.

जंतूचा प्रश्न इतका सोपा आहे; गायीचा नाही. तिच्यावर आरोप ठेवण्याआधी जनुकवाचनाने उलटवलेले दोन निकाल पाहण्यासारखे आहेत. माणसाने गाय माणसाळवली आणि गायीकडून त्याला क्षयरोग मिळाला, असे दीर्घकाळ शिकवले जात होते. २००२ मध्ये दोन्ही क्षयजंतूंच्या संहितांची तुलना झाली. गायीच्या क्षयजंतूतून काही मजकूर गळालेला आहे आणि माणसाच्या जंतूत तो शाबूत आहे. गळालेल्या पोथीवरून पूर्ण पोथी नकलता येत नाही. म्हणजे माणसाचा क्षय गायीच्या क्षयातून जन्मलेला नाही. दुसरे उदाहरण अमेरिकेतील यलोस्टोन प्रदेशाचे. तेथील रानगव्यांमुळे, म्हणजे बायसनमुळे, पाळीव गुरांना ब्रुसेलोसिस होईल या भीतीने हजारो बायसन मारले गेले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय वंशावळीने दाखवले की अलीकडे गुरांत शिरलेल्या जंतूंचा माग प्रामुख्याने एल्क हरणांकडे जातो, आणि मुळात तो जंतू पाळीव गुरांकडूनच किमान पाच वेळा रानात गेला होता. आधी दोष ठरला, शिक्षा झाली आणि पुरावा मागाहून आला.

आता बाधित गायीचे करायचे काय? अमेरिकेने १९३४ पासून रक्त तपासायचे आणि बाधित जनावर कत्तलीला पाठवायचे, असा मार्ग धरला आणि गायींतला रोग जवळजवळ नाहीसा केला. महाराष्ट्रात १९७६ च्या प्राणी संरक्षण कायद्याने गायीच्या कत्तलीला बंदी आहे; मार्च २०१५ पासून ती वळू आणि बैल यांनाही लागू झाली. केंद्राच्या २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांच्या कायद्यात, प्रसार रोखण्यासाठी अपरिहार्य असेल तर पशुवैद्याच्या लेखी आदेशाने जनावराला दयामरण देण्याची तरतूद आहे. घोड्यांच्या ग्लँडर्स रोगात ती वापरली जाते. गायीच्या बाबतीत गोठ्याचे मन तिथवर जात नाही.

या प्रश्नावर महाराष्ट्राच्या आणि देशाच्या विचारात तीन भूमिका ठळक दिसतात. सावरकरांनी १९३० च्या दशकात गाय हा उपयुक्त पशू आहे, देवता नव्हे, अशी मांडणी केली. तिचा तार्किक शेवट उपयोग संपल्यावर किंवा अपाय सुरू झाल्यावर गायीला बाजूला करण्यात होतो. विनोबांनी गोवंशरक्षणासाठी १९७९ मध्ये उपवास केला आणि १९८२ मध्ये त्यांच्या प्रेरणेने देवनार येथे सत्याग्रह सुरू झाला. त्यांच्या दृष्टीने माणसाने जिच्या श्रमावर आणि दुधावर संसार उभा केला तिच्याशी त्याचे नाते उपयोगापुरते नसते. गांधीजींचे उदाहरण सर्वांत अवघड. १९२८ मध्ये साबरमती आश्रमात असाध्य वेदनेने तळमळणाऱ्या वासराला त्यांनी डॉक्टरांकरवी इंजेक्शन देऊन मृत्यू दिला, आणि उसळलेल्या टीकेला उत्तर देताना ती कृती अहिंसाच होती असे ठामपणे लिहिले. पण गांधीजींची कसोटी ब्रुसेलाग्रस्त गायीला लावून पाहिली तर ती उलट बाजूने पडते. त्या वासराला मृत्यू दिला तो त्याच्या स्वतःच्या सुटकेसाठी. ही गाय तळमळत नाही. ती रवंथ करते, दूध देते, वासरू चाटते. तिला मारायचे ते इतरांसाठी. म्हणून दयामरण हा शब्द इथे पुरता बसत नाही, आणि तो ओढूनताणून बसवू नये.

गाय सुटते आणि शेळी सुटत नाही, हेही लपवण्यात अर्थ नाही. गायीच्या आणि शेळीच्या ब्रुसेलांच्या संहिता नव्वद टक्क्यांहून अधिक सारख्या आहेत. माणसाला अधिक तीव्र आजार देणारा जंतू तर शेळी-मेंढीचा. तरी बाधित संगमनेरी शेळी खाटकाकडे जाते आणि बाधित गाय गोठ्यात राहते. हा भेद माणसाच्या श्रद्धेने केलेला आहे, जिवाणूने नाही. श्रद्धेने भेद करणे गैर नव्हे. पण ज्याने गायीला मारायचे नाही असे ठरवले, त्याने तिला वेगळे बांधण्याचा, तिचे दूध तापवण्याचा, तिच्या विण्याच्या जागेची स्वच्छता ठेवण्याचा सारा भारही उचलला पाहिजे. गोरक्षण या शब्दात हा भार आधीपासून आहे. गोशाळा आणि पांजरपोळ यांना तर तो दुप्पट लागतो, कारण निरनिराळ्या दावणींवरून सुटलेली जनावरे तिथे एकत्र येतात.

हा भार न उचलता गाय विकली जाते, तिथे चरकाचा प्रज्ञापराध सुरू होतो. बाजारात सौदा रुमालाखाली बोटे धरून होतो. घेणारा दात पाहतो, कास पाहतो, चाल पाहतो आणि जनावराची खोड विचारतो. मारकी आहे का, लाथ झाडते का, पान्हा चोरते का. गाभडलेली होती का, याचे उत्तर अंगावर दिसत नाही. २००९ चा कायदा मालकाला अशा रोगाची खबर देण्यास आणि जनावर वेगळे ठेवण्यास बांधून घालतो, ते बाजारात आणण्यास मनाई करतो. ज्याला काही ठाऊकच नव्हते, त्याच्या हातून गेलेल्या रोगाला दैव म्हणता येईल. ज्याच्या हाती रोझ बंगाल या रक्तचाचणीचा अहवाल आहे, त्याला तो शब्द वापरता येत नाही. त्याने मरीआईचा गाडा शेजाऱ्याच्या शिवेत नेऊन ठेवलेला असतो. संहितेतले पाठभेद हा माग काढू शकतात: कोणत्या कळपातून कोणत्या कळपात, कोणत्या गोठ्यातून कोणत्या माणसात. तो माग जनावराच्या हालचालीचा असतो. मालकाच्या मनात काय होते, ते त्यात लिहिलेले नसते. म्हणून वंशावळीचा कागद शिक्षेचा पुरावा मानण्याआधी, त्याला काय ठाऊक होते आणि त्याला दुसरा कोणता मार्ग मोकळा होता, हे विचारावे लागते. बाधित गाय विकली नाही तर कर्जाचा हप्ता कशातून भरायचा, हा प्रश्न कोरडवाहू कुटुंबापुढे खरा असतो. चरकाने रोगाचे मूळ सांगताना सत्ताधाऱ्यांच्या अधर्मालाही स्थान दिले आहे. नुकसानभरपाईशिवाय प्रामाणिकपणाची अपेक्षा धरणारी व्यवस्था आपला वाटा गरिबाच्या माथी मारते.

प्रमाणांच्या बाबतीतही सावधपणा लागतो. रक्तचाचणी जिवाणू पाहत नाही. त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये पाहते. धूर पाहून अग्नीचे अनुमान करावे तसे. पण लस टोचलेल्या जनावरातही काही काळ हा धूर दिसतो. जिवाणू वाढवून त्याची संहिता वाचली तर तो रानटी वाणाचा की लसीचा, हे ठरते.

ही लस एस-१९ नावाच्या जिवंत वाणाची आहे. १९२३ मध्ये अमेरिकेतील जॉन बक यांनी जर्सी गायीच्या दुधातून मिळवलेले एक संवर्धन वर्षाहून अधिक काळ सामान्य तापमानात पडून राहिले आणि त्याची रोगकारकता ओसरली. २००८ मध्ये त्याचा जनुकसंच वाचला गेला. वारेतल्या एरिथ्रिटॉल साखरेच्या वापराशी संबंधित भागातील सुमारे सातशे अक्षरे त्यात गळालेली आहेत. केवळ तेवढ्यानेच तो निवळला, असे म्हणता येत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये मथुरेत सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात चार ते आठ महिने वयाच्या मादी वासरांना ही लस आयुष्यात एकदाच टोचतात. वळूंना आणि गाभण गायींना ती देत नाहीत, आणि टोचणाऱ्याने हातमोजे घालायचे असतात, कारण वाण जिवंत आहे. आधीच बाधा झालेल्या गायीला तिचा उपयोग नाही. त्या गायीसाठी निराळी दावण, विण्याला निराळी जागा, आणि गाभडल्यास गर्भ, वार व खाली टाकलेला पाचोळा यांच्यासाठी कुत्रे उकरणार नाही इतका खोल खड्डा आणि त्यात चुना.